पेरूनला नदीवर नेलं

पेरून हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला शेत आठवलं. आपल्याकडे पेरून म्हणजे बी टाकून. अ‍ॅशबर्नच्या आमच्या डेटा सेंटरमागे, जनरेटरांच्या रांगेपाशी उभा असलेला साठीचा एक माणूस आभाळाकडे बघत स्वतःशीच "पेरून" असं पुटपुटला आणि क्षणभर मला वाटलं, हा मराठी बोलतोय की काय.

तो युक्रेनचा होता. आमच्याकडे जनरेटर टेक्निशियन. मी इलेक्ट्रिकल इंजिनियर, नागपूरजवळच्या कामठीची, आणि कागदोपत्री त्याची सुपरवायझर. वीज एक सेकंदही जाऊ द्यायची नाही, एवढंच आमचं काम. व्हर्जिनियात उन्हाळ्याच्या दुपारी आभाळ अचानक भरून येतं. विजा दहा-पंधरा मैलांवर आल्या की आम्ही आधीच जनरेटर चालू करून ठेवायचो. त्या दिवशीही तेच चाललं होतं.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"पेरून. विजेचा देव. फार जुना. ख्रिस्ताच्याही आधीचा." कानावरचं हेडफोनसारखं संरक्षक कव्हर त्यानं एका बाजूनं वर केलं. "माझी आजी रागावली की म्हणायची, पेरून मारो तुला. तिला तो देव आहे हे माहीतही नव्हतं. तिच्या लेखी गडगडाट म्हणजे संत इलिया आभाळात रथ पळवतोय. चर्चनं नाव बदललं, पण शिवी तीच राहिली."

मी त्याला मराठीतल्या पेरूनचा अर्थ सांगितला. तो हसला. "मग बरोबरच आहे. तो पाऊसही आणतो. शेतकऱ्याचाच देव."

एवढीच ती पहिली ओळख. तो मला नावानं कधी हाक मारायचा नाही, "इंजिनियर" म्हणायचा. त्याची बायको काही वर्षांपूर्वी कॅन्सरनं गेली होती. मुलगा एकुलता एक. इथेच शाळा शिकला, पण पंचविशीत परत तिकडे गेला. तिथल्या एका मुलीवर प्रेम बसलं होतं म्हणून. पुढे ते लग्न टिकलं नाही, पण मुलगा तिथेच राहिला. नंतर युद्ध सुरू झालं आणि तो फौजेत गेला. ही बातमी त्यानं मला जनरेटरच्या तेलाचा रिपोर्ट देता देता सांगितली. मी विचारलं, "काही दिवस सुट्टी घेता का?" तो म्हणाला, "घरी बसून काय करू?"

त्याच उन्हाळ्यात त्याच्या भाड्याच्या घरामागच्या ओकवर वीज पडली. झाड वरपासून खालपर्यंत उभं चिरलं. घरमालकानं माणसं बोलावून ते तोडून घेतलं, पण खालचा माणसाएवढा ओंडका यानं मागून ठेवून घेतला. पुढचे कित्येक शनिवार-रविवार तो त्या ओंडक्यापाशीच असायचा. आधी चेन सॉ, मग छिन्नी.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी मी मुलीला घेऊन त्याच्याकडे गेले. त्याला मटणाचा सावजी रस्सा आवडायचा. मी तिखट निम्मं करून करायचे, तरी त्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तो आणखी मागायचा. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती त्याला "काका" म्हणायची. तिचं मराठी या हाकेपुढे फारसं जायचं नाही.

अंगणात देव उभा होता. रुंद चेहरा, खाली झुकलेल्या भुवया, हातात कुऱ्हाड, छातीवर सहा आऱ्यांचं चाक. मिश्या पिवळ्याजर्द. आमच्या डेटा सेंटरमध्ये फरशीवर धोक्याच्या रेषा आखतात ना, तोच पिवळा रंग. वीज पडल्याची काळी चीर त्यानं मुद्दाम तशीच ठेवली होती. ती कपाळातून उतरून पोटापर्यंत गेली होती.

"जुन्या काळी कीव्हमध्ये टेकडीवर याची मूर्ती होती," तो म्हणाला. "डोकं चांदीचं, मिश्या सोन्याच्या. मला हा रंग मिळाला."

"तुम्ही याची पूजा करता?" मी जरा दबकतच विचारलं.

"मी कशाचीच पूजा करत नव्हतो. बायको चर्चला जायची, मी बाहेर गाडीत बसायचो." तो पायरीवर बसला. "पण आता रोज बघतो ना, पलीकडच्या बाजूचे पाद्री त्यांच्या तोफांवर पाणी शिंपडतात, आमचे आमच्या. दोघांचा संत तोच, दोघांची मेरी तीच. ती बिचारी कुणाचं ऐकणार? म्हणून म्हटलं, त्यांच्याही आधीच्या कुणाकडे तरी जावं. हा देव गर्जना करणारा आहे, कुऱ्हाड फेकणारा आहे. पोरगं खंदकात बसलंय. त्याच्यासाठी असलाच देव हवा."

तेवढ्यात माझ्या मुलीनं तिच्या डब्यातलं सफरचंद काढून मूर्तीच्या पायाशी ठेवलं. मी खसकन तिचा हात धरला. "ते उचल आधी. आपण असं करत नाही."

"Mom, it's just an apple," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. पण आमच्या घरात हे रक्तात आहे. मी त्याला सांगितलं की आम्ही बौद्ध आहोत, देवाला हात जोडत नाही. दीक्षेच्या वर्षी माझ्या आजोबांनी घरातले सगळे देव, पितळी टाक, शेंदूर लावलेला दगड, सगळं गाठोड्यात बांधलं आणि कन्हान नदीत सोडून दिलं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. सांगताना आमच्या घरातल्या प्रत्येकाची मान ताठ होते. त्या दिवशी माझीही झाली असणार.

तो फार लक्ष देऊन ऐकत होता. "स्वतःच्या हातानं सोडले?"

"स्वतःच्या हातानं."

"आमच्याकडे राजानं सोडायला लावले," तो म्हणाला. "राजानंच पेरूनला टेकडीवर बसवलं होतं. मग तो ख्रिस्ती झाला, तेव्हा त्यानंच पेरूनला घोड्याच्या शेपटीला बांधून नदीपर्यंत फरफटत न्यायला सांगितलं. बारा माणसं काठ्यांनी मारत मारत गेली. लाकडाला काही लागत नाही, पण अपमान व्हायला हवा होता. वर हुकूम असा की तो कुठे काठाला लागला तर ढकलून द्या, थांबू देऊ नका. लोक काठावरून रडत रडत चालले होते." मग त्यानं विचारलं, "तुमच्या आजोबांनी सोडले तेव्हा कुणी रडलं?"

"नाही," मी लगेच म्हणाले. "आमच्याकडे तो आनंदाचा दिवस होता."

घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मनातून जाईना. पुढच्या रविवारी बाबांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मी विचारलं. बाबा तेव्हा सहा वर्षांचे होते आणि आजोबांचं बोट धरून नदीवर गेले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"आई रडली होती बेटा," ते म्हणाले. "हे आम्ही कधी कोणाला सांगितलं नाही. तिचं पहिलं पोरगं तापानं गेलं. ताप चढला तेव्हा तिनं त्याला तीन दिवस मरीआईच्या टाकापुढं निजवून ठेवलं होतं. वाचलं नाही ते. देवीवर तिचा विश्वास तेव्हाच उडाला होता. पण गाठोडं पाण्यात गेलं तशी ती मटकन खाली बसली. म्हणे, माझ्या लेकराचं एवढंच उरलं होतं."

"आणि आजोबा?"

"ते तिच्याजवळ बसले. घाई नाही केली. ऊन उतरल्यावर आम्ही घरी आलो."

हे मी त्याला सांगितलं नाही. कसं सांगावं ते कळलं नाही, आणि मग हिवाळा आला, कामं वाढली.

जानेवारीत एका दुपारी तो ब्रेक रूममध्ये फोनकडे बघत एकटाच बसला होता. मला बघून त्यानं फोन पुढे केला. व्हिडिओत पलीकडच्या बाजूचे सैनिक होते, हसत होते, बंदुका दाखवत होते. एकाच्या खांद्यावर कापडी बिल्ला शिवलेला होता. सहा आऱ्यांचं चाक.

"तेच चिन्ह?" मी विचारलं.

"तेच. पेरूनचं." त्यानं फोन उलटा ठेवला. "त्यांचाही तोच आहे, इंजिनियर. तेही हल्ल्याला जाण्याआधी त्यालाच हाका मारतात."

मी समोर बसले. तो थोड्या वेळानं उठला, कप धुऊन जागेवर ठेवला आणि कामाला गेला.

मार्चमध्ये मुलाच्या तुकडीतल्या एकाचा फोन आला. शेताच्या कडेच्या झाडांच्या रांगेत ते चौघं होते. तोफगोळे पडले. दोघं रांगत बाहेर आले, दोघं नाही. तो पट्टा आता पलीकडच्यांच्या ताब्यात होता, त्यामुळे कुणाला आणायला जाता येत नव्हतं. सरकारी भाषेत त्याचा मुलगा "बेपत्ता" होता.

दुसऱ्या दिवशी तो सातला हजर. मी त्याला घरी जायला सांगितलं, विनवलं, शेवटी सुपरवायझर म्हणून ऑर्डर दिली. तो म्हणाला, "आज लोड टेस्ट आहे. तुमच्याकडे दुसरा कोण आहे?" खरंच कुणी नव्हतं.

लोड टेस्टच्या वेळी सगळे जनरेटर एकदम पूर्ण ताकदीनं चालवतात. जमीन थरथरते, कानांवर कव्हर असूनही छातीत धडधडतं. मी रीडिंग घेत एका टोकाला उभी होते. तो पार दुसऱ्या टोकाला, दोन यंत्रांच्या मधल्या बोळात, माझ्याकडे पाठ करून. मग तो थोडा वळला आणि मला दिसलं की त्याचं तोंड सताड उघडं आहे, मानेच्या शिरा फुगल्यात. तो ओरडत होता. किती वेळ ओरडत होता कुणास ठाऊक. माझ्यापर्यंत काही पोचत नव्हतं आणि ते त्यालाही माहीत होतं. मी रीडिंगच्या कागदाकडे मान खाली घातली. त्याच्याजवळ जायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. तेव्हा वाटलं, माणसानं एवढी जागा शोधून काढलीय, ती तरी त्याची त्याला राहू द्यावी.

एप्रिल, मे असेच गेले. तो रोज पकडलेल्या कैद्यांच्या याद्या बघायचा, फोटो मोठे करकरून बघायचा. जूनमध्ये तो माझ्या डेस्कपाशी आला. "शनिवारी मोकळ्या आहात का? मला पेरूनला नदीवर न्यायचंय. एकट्याला पिकअपमध्ये चढवता येत नाही. आणि हे काय असतं ते तुमच्या घरात माहीत आहे."

शनिवारी सकाळी माझा नवरा आणि मी दोघं गेलो. तिघांनी मिळून मूर्ती आडवी केली आणि फळ्यांवरून सरकवत पिकअपवर चढवली. ओक भयंकर जड असतो. नवऱ्याला मुलीला पोहण्याच्या क्लासला सोडायचं होतं म्हणून तो तिथूनच परतला. मी पिकअपमध्ये याच्या शेजारी बसले.

पोटोमॅकच्या काठी बोटी पाण्यात उतरवायला सिमेंटचा उतार असतो, तिथे आम्ही पोचलो. त्याच्या अलीकडे खडीचं पार्किंग. तिथे त्यानं मूर्ती खाली ढकलली. मूर्तीच्या गळ्यात पट्टा बांधला, पट्टा गाडीच्या मागच्या हुकात अडकवला आणि गाडी चालू केली. मी खाली उतरून बघत होते. पार्किंगच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यानं पेरूनला तोंडावर फरफटत नेलं. खडीवर लाकूड घासल्याचा आवाज मला अजून नीट आठवतो. पिवळ्या मिश्या सोलून निघाल्या.

मग तो उतरला. हातात लोखंडी पाईप होता. झुडपातून एक जाड फांदी उचलून त्यानं माझ्याकडे दिली. "मारा."

"मी नाही मारणार."

"तुम्ही तर देव मानत नाही."

"म्हणूनच," मी म्हणाले. "हा माझा नाही. मी याला हात जोडले नाहीत, आता मारणारही नाही. आजोबांनी सोडले ते त्यांचे स्वतःचे होते."

त्यानं मान हलवली. मग एकट्यानं मारायला सुरुवात केली. तो आपल्या भाषेत काहीतरी म्हणत होता, त्यातलं मला मुलाचं नाव तेवढं कळत होतं. पाईप ओकवरून उसळून परत यायचा. त्याचे तळहात सोलले. कयाक घेऊन आलेलं एक कुटुंब लांब थांबून बघत होतं, आईनं मुलांना गाडीत बसवलं. दम संपला तेव्हा तो थांबला. त्या उतारावरून आम्ही दोघांनी मूर्ती लोटत लोटत पाण्यात नेली.

लाकूड बुडालं नाही. पालथं होऊन, अर्धं पाण्याखाली, हळूहळू पुढे गेलं. तीसेक हातांवर वाहून आलेल्या फांद्यांचा ढीग होता, त्यात जाऊन अडकलं. तो कपड्यांसकट पाण्यात उतरला. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. मी काठावरून ओरडत होते, "परत या, राहू द्या!" तो खांद्यानं मूर्तीला ढकलत होता. मूर्ती थोडी हलायची आणि परत तिथेच यायची. शेवटी तो तिच्यावर दोन्ही हात टाकून तसाच उभा राहिला, गाल लाकडाला टेकलेला. त्याचे खांदे हलत होते.

तेवढ्यात पार्कची रेंजर आली. तिशीतली मुलगी, टोपी घातलेली. कुणीतरी फोन केला असणार. ती शांतपणे म्हणाली, "सर, तुम्ही ठीक आहात ना? ते नदीत सोडता येणार नाही. बोटींना धोका आहे. तुम्हाला ते बाहेर काढावं लागेल." मग मला विचारलं, "हे काय आहे? शिल्प आहे का?"

"त्यांचं आहे," मी म्हणाले. "त्यांचा मुलगा युद्धात बेपत्ता आहे."

ती बूट काढून स्वतःच पाण्यात उतरली. तिनं त्याचा हात धरून त्याला काठावर आणलं, बसवलं. त्यानंतर आम्ही दोघींनी पट्टा बांधला आणि पिकअपनं मूर्ती परत ओढून काढली. कयाकवाल्या कुटुंबातला बाप मदतीला आला, तेव्हा तिघांनी मिळून ती फळ्यांवरून गाडीत चढवली. तो सिमेंटवर बसून बघत होता. डोळ्यांत राग नव्हता, काहीच नव्हतं. गाडीत मूर्तीखाली पाणी साचत होतं.

"राजाकडे बारा माणसं होती," तो एवढंच म्हणाला.

त्या वेळी मी त्याला आजीचं सांगितलं. पहिल्या पोराचं, टाकाचं, ती मटकन बसली त्याचं. "त्या दिवशी कुणी रडलं नाही असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं निघालं." त्यानं माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, "त्या पोराचं नाव काय होतं?" मला माहीत नव्हतं. बाबांनाही माहीत नव्हतं, मी नंतर विचारलं.

सप्टेंबरमध्ये त्यानं नोकरी सोडली आणि पोलंडमार्गे तिकडे गेला. तिथे डीएनए द्यायचा होता, देवाणघेवाणीत परत आलेल्या मृतदेहांशी जुळवायला. तो ओंडका नंतर घरमालकानं कचऱ्याच्या ट्रकमध्ये टाकला. मला ते एकदा त्या बाजूनं जाताना कळलं.

फेब्रुवारीत त्याचा मेसेज आला, एका ओळीचा. जुळला. मी लगेच फोन लावला. मुलीच्या शाळेबाहेर गाड्यांच्या रांगेत होते.

"पेटी बंद करूनच दिली," तो म्हणाला. "मी विचारलं, आत काय आहे? ते म्हणाले, विचारू नका. मी एका बाजूनं उचलून बघितली, इंजिनियर. फार हलकी होती. तो सहा फूट होता."

"उघडली नाहीत ना?"

"नाही. पाद्री आला होता. मी येऊ दिला. पोराच्या आईला बरं वाटलं असतं."

"परत येणार?"

तो काही बोलणार होता, पण तिकडे वीज गेली असावी. फोन तुटला. मी रांगेत गाडी पुढे घेत घेत तीनदा लावला, लागला नाही. मुलगी येऊन बसली आणि म्हणाली, "Who died?" माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं. मी सांगितलं. ती घरापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक फोटो पाठवला. बर्फात मातीचा ताजा ढिगारा, लाकडी क्रूस, झेंडा, प्लास्टिकची फुलं. मी तो मुलीला दाखवला नाही, नवऱ्याला दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं बोटांनी फोटो मोठा केला आणि म्हणाला, "शेजारी एक जागा आखून ठेवलीय बघ."